घरचा की विकतचा?

गणपती उठले, की आमच्या घरात दिवाळीच्या फराळाचा वाद सुरू होतो. घरी करायचा, की विकतचा आणायचा? एक पक्ष म्हणतो, भाजणीपासून सारे आपल्या हातचे असावे. दुसरा पक्ष म्हणतो, घरची चकली बिघडली तर जाब कोणाला विचारणार? विकतची बिघडली तर निदान दुकानदाराशी भांडता तरी येते!

यंदा हाच वाद स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून माझ्या खोलीत आला. माझ्या नातवाने दोन वर्षे लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन पैसे साठवले आहेत. त्यांतून त्याला खेळांसाठीचा संगणक घ्यावयाचा आहे. तो तयार आणावा, की सुटे भाग आणून घरी जोडावा, एवढाच पेच. चूक झाली तर पुन्हा दोन वर्षे शिकवण्या.

"आजोबा, तुम्ही एकदा जोडला होतात ना? मग सांगा," असे म्हणून तो समोर बसला. म्हाताऱ्या माणसाला अशा प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्याला आधी इतिहास सांगावा लागतो. त्याने तो ऐकून घेतला. वाचकांनीही घ्यावा.

हा प्रश्न घरगुती संगणकाइतकाच जुना आहे. अमेरिकेतील आल्बुकर्की गावी एड रॉबर्ट्‌स नावाच्या गृहस्थांची 'मिट्स' ही छोटी कंपनी होती. ती गणकयंत्रांचे सुटे भाग विकत असे. ज्याने त्याने ते घरी जोडावे. पण १९७० नंतरच्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांची तयार गणकयंत्रे इतकी स्वस्त झाली, की सुटे भाग घेणारा वेडा ठरू लागला. कंपनी कर्जात बुडाली. तेव्हा रॉबर्ट्‌सनी शेवटचा डाव टाकला. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे नवे यंत्र झळकले: 'अल्टेअर ८८००', सुट्या भागांत ३९७ डॉलर. काहीशे यंत्रे खपतील अशी आशा होती. मागण्या हजारोंनी आल्या. तयार मालाने ज्याला बुडविले, त्याला सुट्या मालानेच तारले!

आणि घेणाऱ्याला मिळे काय? पिशव्यांत भरलेले भाग आणि एक पेटी. महिना-पंधरा दिवस डाख देत बसावे, तेव्हा यंत्र उभे राही. त्याला ना कळफलक, ना पडदा. पुढच्या बाजूच्या कळा वरखाली करून आज्ञा द्यावयाच्या आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून उत्तर ओळखावयाचे. स्मरणशक्ती म्हणाल तर अवघी २५६ बाइटांची. ह्या लेखातले एखादे लांब वाक्यही तीत मावणार नाही. तरीही लोकांनी ते घेतले, कारण दुसरा मार्ग नव्हता. तयार यंत्रही मिळे, पण ते महाग पडे. डाख देण्याची मजुरी स्वतः केली, तर तेवढे पैसे वाचत.

पुढच्याच वर्षी एका दुकानदाराने ह्या गोष्टीला वळण दिले. स्टीव्ह वॉझ्निअॅक ह्यांनी बनविलेल्या 'अॅपल १' चा नुसता मोकळा फलक विकावा, असा स्टीव्ह जॉब्स ह्यांचा विचार होता. परंतु 'बाइट शॉप' चे पॉल टेरेल म्हणाले, 'पन्नास घेतो, पण भाग बसवून तयार केलेले द्या.' गिऱ्हाइकाला डाख देण्यात रस नाही, हे त्यांनी गल्ल्यावर बसून ओळखले होते. तरीही ६६६.६६ डॉलरांच्या त्या फलकाला पेटी, कळफलक आणि वीजपुरवठ्याची सोय घेणाऱ्यानेच करावयाची होती. भाजणी तयार, पण सोऱ्या आणि तेल तुमचे, असा तो प्रकार! १९७७ मध्ये 'अॅपल २', 'कमोडोर पेट' आणि 'टीआरएस-८०' ही घरी नेऊन लावावीत अशी यंत्रे आली, आणि विकतच्या फराळाचे दिवस सुरू झाले.

जोडणीच्या मजुरीचा भाव नेमका किती होता, हे पाहावयाचे असेल तर इंग्लंडात जावे. क्लाइव्ह सिंक्लेअर ह्यांच्या कंपनीने १९८० मध्ये 'झेडएक्स ८०' काढला: सुटा ७९.९५ पौंड, तयार ९९.९५. पुढल्या वर्षीचा 'झेडएक्स ८१' सुटा ४९.९५, तयार ६९.९५. दोन्ही वेळा फरक वीस पौंडांचा. पुढे कारखान्यांतील यंत्रे हीच जोडणी माणसापेक्षा झपाट्याने आणि स्वस्तात करू लागली, आणि हा फरक उरला नाही. अमेरिकेतील 'हीथकिट' १९४७ पासून इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे सुटे संच विकत आली होती. तिनेही १९९२ मध्ये तो व्यवसाय बंद केला.

"मग जोडण्याचा प्रश्न तिथेच संपायला हवा होता," नातू म्हणाला. बरोबर आहे. तो संपला नाही, ह्याचे श्रेय एका बड्या कंपनीच्या घाईला आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी 'आयबीएम' ने आपला पीसी बाजारात आणला. वेळ वाचावा म्हणून त्यांनी प्रोसेसर इंटेलचा घेतला, आज्ञाप्रणाली मायक्रोसॉफ्टची घेतली, आतमध्ये जादा कार्डे खोचण्यासाठी पाच खाचा ठेवल्या आणि यंत्राचे नकाशे चक्क पुस्तकात छापून दिले. एकच कुलूप राहिले होते, ते यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीचे. ती नक्कल न करता, तसेच काम करणारी आज्ञावली 'कॉम्पॅक' ने स्वतंत्रपणे लिहिली आणि १९८२ च्या अखेरीस आपले यंत्र जाहीर केले. मग काय, दार उघडलेच. कोणीही पेटी करावी, कोणीही फलक, कोणीही कार्ड. आणि सारे एकमेकांत बसावे! १९९५ मध्ये इंटेलच्या 'एटीएक्स' मापाने मदरबोर्डच्या स्क्रूंच्या भोकांच्या जागासुद्धा ठरवून टाकल्या. जोडणाऱ्याच्या हातातली डाखाची नळी गेली आणि एक साधा स्क्रू ड्रायव्हर आला. जोडणे म्हणजे मजुरी, हा अर्थ मागे पडला. जोडणे म्हणजे निवड, हा अर्थ आला.

ह्या निवडीला जोर आणला तो खेळांनी. १९९३ मध्ये 'डूम' आला, १९९६ मध्ये 'क्वेक'. त्याच १९९६ साली 'थ्रीडीएफएक्स' कंपनीची 'वूडू' चिप घेऊन कार्डे आली. आपला संगणक आहे तसा ठेवून हे कार्ड शेजारच्या खाचेत खोचावे, की त्याच यंत्रावर नवे जग दिसू लागे. खेळांच्या संगणकाचे मर्म इथेच आहे. त्याचे सगळे भाग एकाच वेळी म्हातारे होत नाहीत. ग्राफिक्स कार्ड लवकर थकते. कॅबिनेट आणि चांगला पॉवर सप्लाय त्यामानाने पुष्कळ वर्षे टिकतो. एक भाग बदलता आला, तर बाकीचे पैसे वाचतात.

आपल्याकडे १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची बंधने सैल झाली, १९९१ नंतर ती आणखी ढिलावली, आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड सुट्या भागांनी भरून गेला. तिथे 'ब्रँडेड' आणि 'असेंबल्ड' अशा दोन जाती झाल्या. १९९८ मध्ये मी ह्यांतली दुसरी पत्करली. तीन दुकानांतून भाग घेतले, घरी जोडले, कळ दाबली. पडदा काळा! नुसते 'बीप, बीप' ऐकू येई. मदरबोर्डवाला म्हणाला, रॅम पाहा. रॅमवाला म्हणाला, पॉवर सप्लाय पाहा. पॉवर सप्लायवाल्याने मला चहा पाजला आणि मदरबोर्डवाल्याकडे धाडले. दोन दिवस मी त्या रस्त्यावर चेंडूसारखा फिरलो. शेवटी मेव्हण्याने झाकण उघडून पाहिले. रॅमची पट्टी एका बाजूला नीट बसलीच नव्हती. खाचेचा एक कान उघडा होता. दोष तिन्ही दुकानदारांचा नव्हता, माझा होता. आणि ते यंत्र बिचारे 'बीप' करून दोन दिवस तेच सांगत होते.

ह्या फजितीने मला जे शिकविले, ते मी नातवाला सांगितले. तयार संगणकाला आपण जे अधिक मोजतो, ते स्क्रू पिळण्याचे मोल नव्हे. ते तास-दोन तासांचे काम आहे. बिघाड झाल्यास एकाच दाराशी जाता यावे, ह्याचे ते मोल आहे. ज्याला परीक्षेच्या आदल्या रात्री यंत्र हवेच आहे, त्याने ते खुशाल मोजावे. हिशेब नेहमी जोडणाऱ्याच्या बाजूनेच लागतो, असेही नाही. २०२० आणि २०२१ मध्ये महामारीमुळे वाढलेली मागणी, चिपांची टंचाई आणि आभासी चलनासाठी कार्डे राबविणारे लोक ह्यांमुळे सुटे ग्राफिक्स कार्ड छापील किमतीच्या कितीतरी वर विकले जाई. तेव्हा केवळ आतल्या कार्डासाठी लोकांनी तयार संगणक घेतले!

"पण घेताना एक गोष्ट बघ," मी म्हणालो. काही तयार यंत्रांत मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. असे यंत्र चार वर्षांनी उघडले, तर बाजारातला दुसरा भाग त्यात बसत नाही. १९८१ साली जे दार चुकून उघडे राहिले, ते अशा पेटीत पुन्हा बंद झालेले असते. भाग प्रमाण मापाचे असतील, त्यांची नावे बिलावर लिहून मिळत असतील, तर तयार संगणकही आपलाच. नावे सांगायला दुकानदार कां-कूं करील, तर ती चकली कोणत्या तेलात तळली आहे हे विचारलेलेच बरे!

नातवाने दोन दिवस बसून दोन याद्या केल्या. तयार संगणकाच्या यादीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठळक अक्षरांत होते. पॉवर सप्लायपुढे फक्त वॉटचा आकडा. त्याने दुकानात फोन करून नाव विचारले. 'चांगल्या कंपनीचा आहे,' एवढेच उत्तर मिळाले. त्याने ती यादी फाडली नाही, पण बाजूला ठेवली.

आता धनत्रयोदशीला खोकी घरी यावयाची आहेत. मी दोन अटी घातल्या आहेत. प्रत्येक भागाचे बिल आणि खोके जपून ठेवायचे. आणि रॅम बसवताना मला हाक मारायची. दोन्ही कान 'टक्' करून मिटलेले मला माझ्या कानांनी ऐकायचे आहेत.