जेमिनी
खोल समुद्रातील मच्छीमारांना मोबाइलवर हवामानाचे इशारे व मासळीच्या संभाव्य जागा कळवणारे छोटे उपकरण. किनारा दहा-बारा किलोमीटर मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. 2017 च्या ओखी वादळात खोल समुद्रातल्या कित्येक नौकांना इशारा मिळालाच नाही. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे हे उपकरण 2019 मध्ये आले. ते ‘गगन’ या स्थाननिश्चिती सुधारणाऱ्या प्रणालीच्या उपग्रहांचा संदेश पकडून ब्लूटूथने मोबाइलला देते. गगनच्या संदर्भ केंद्रांपैकी एक नागपूरला आहे. स्थाननिश्चितीतील चूक मोजण्याचे काम तेथेही चालते. जेमिनीची मोठी उणीव अशी, की संदेश एकतर्फी येतो. संकटातल्या नौकेला त्यावरून हाक देता येत नाही, इंटरनेटही नाही. दुतर्फी संदेशांचे इस्रो-निर्मित ट्रान्सपाँडर नौकांवर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला झाला.