बर्फ, बॅटरी आणि खिडकी

मंडळी, मागच्या मे महिन्यात पुण्याहून घरी जळगावला निघालो होतो. थ्री टायर एसी, वरचा बर्थ, हातात पुस्तक... एकदम सुख! नांदगाव सुटलं आणि गाडी सिग्नलला उभी राहिली ती उभीच. थोड्या वेळाने एसीची घरघर थांबली. बाहेर खान्देशातलं भर दुपारचं ऊन. धुळ्याचे एक काका चाळीसगावला उतरणार होते. काचेवर हात आपटत म्हणाले, "खिडकी उघड ना भाऊ!" पण ती उघडणारी नव्हतीच. समोरच्या ताईंचं तान्हं बाळ रडून लालबुंद झालं होतं. शेवटी त्याला घेऊन आम्ही दारात जाऊन उभे राहिलो.

इंजिनियर माणूस, त्यामुळे घरी पोचल्यावर या भानगडीच्या मुळाशी जायचं ठरवलं.

साहेबाच्या काळात पहिल्या वर्गाच्या खिडक्यांना वाळ्याच्या ओल्या ताट्या लावत. पाणी संपलं की गारवा संपला. पुढे १९३४ मध्ये फ्रंटियर मेलला 'एसी' डबा लागला. (ही गाडी आपल्या भुसावळवरून नाही, सुरत-बडोद्याकडून जायची.) डब्याखाली बर्फाच्या लाद्या, त्यांच्यावरून पंख्याने हवा आत. वाटेतल्या स्टेशनांवर वितळलेला बर्फ बदलायचा!

मग वीज आली. १९५६ मध्ये हावडा-दिल्ली मार्गावर पूर्ण एसी गाडी धावली, १९६९ मध्ये राजधानी आली आणि १९९३ मध्ये थ्री टायर एसी आल्यावर आपल्यासारख्यांना गारवा परवडू लागला.

आमचा डबा जुन्या घडणीचा. त्यात चाकांच्या आसावर फिरणारा अल्टरनेटर वीज बनवतो. गाडी उभी म्हणजे अल्टरनेटर बंद, मग सगळा भार बॅटरीवर. एवढा मोठा एसी बॅटरी किती वेळ ओढणार? नव्या एलएचबी गाड्यांना जनरेटरच्या डब्यातून किंवा इंजिनामार्फत वरच्या तारेतून वीज मिळते. तिथे उभं राहिल्याने एसी बंद पडत नाही, पण वीजच गेली तर अख्खी गाडी तापते.

म्हणजे पाणी, बर्फ, बॅटरी, तार... गारवा कशावर तरी टांगलेलाच! फरक एवढाच, की ताटी सुकली तर खिडकी उघडता यायची.

तरी 'खिडक्या उघड्या ठेवा' असं मी म्हणणार नाही. जून २०१९ मध्ये आग्रा-झाशी दरम्यान केरळ एक्स्प्रेसच्या स्लीपर डब्यांतले चार वृद्ध प्रवासी उष्म्याने दगावले. त्यांच्या खिडक्या उघडणाऱ्याच होत्या. अशा उन्हात गारवा ही चैन राहिलेली नाही.

आमच्या धंद्यात बॅकअप नसलेली सिस्टीम लाइव्ह केली तर बॉस फाडून खातो. इथे तर आत माणसं बसलेली असतात. खिडकी कायमची बंद केलीत ना, मग एसी बंद पडल्यावर हवा कुठून येणार, हेही तुम्हीच ठरवून ठेवायला हवं.

असो. पुढच्या मे महिन्यातही जाणार आहेच. दाराजवळचा बर्थ घेईन म्हणतो.