लॉस एंजेलिस शालेय जिल्ह्याची आयपॅड योजना

लॉस एंजेलिस शालेय जिल्ह्याची आयपॅड योजना ही अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील लॉस एंजेलिस युनिफाइड शालेय जिल्ह्याने २०१३ मध्ये हाती घेतलेली व २०१४ च्या अखेरीस गुंडाळलेली शैक्षणिक तंत्रज्ञान योजना होती. जिल्ह्यातील सुमारे साडेसहा लाख विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाला टॅबलेट संगणक देणे हे तिचे उद्दिष्ट होते. साधने आणि शाळांतील वायफाय जोडण्या मिळून अपेक्षित खर्च १ अब्ज डॉलरहून अधिक होता. हा खर्च प्रामुख्याने शाळांच्या बांधकामासाठी उभारलेल्या कर्जरोख्यांतून करण्यात आल्यामुळे शालेय निधीचे नियम आणि तंत्रज्ञानाची खरेदी यांच्यातील संबंधांचे उदाहरण म्हणून ही योजना अभ्यासली जाते.

पार्श्वभूमी

अमेरिकेत शालेय जिल्हा हे सार्वजनिक शाळा चालवणारे स्वतंत्र स्थानिक प्रशासन असते. त्याच्या सीमा शहराच्या किंवा परगण्याच्या सीमांशी जुळतातच असे नाही. लॉस एंजेलिस युनिफाइड हा १९६१ मध्ये स्थापन झालेला जिल्हा असून विद्यार्थिसंख्येनुसार न्यू यॉर्क शहरानंतर देशात दुसऱ्या क्रमांकावर आहे. प्राथमिक व माध्यमिक अशा दोन्ही स्तरांच्या शाळा एकाच प्रशासनाखाली असल्यामुळे त्याला ‘युनिफाइड’ म्हणजे एकत्रित असे म्हणतात. मतदारांनी निवडलेले सात सदस्यांचे शिक्षण मंडळ धोरण ठरवते. मंडळाने नेमलेला अधीक्षक दैनंदिन कारभार पाहतो.

निधीचे नियम

कॅलिफोर्नियातील शाळा पूर्वी मुख्यतः स्थानिक मालमत्ता करावर चालत. त्यामुळे श्रीमंत व गरीब वस्त्यांतील शाळांच्या निधीत मोठी तफावत पडे. सेरॅनो विरुद्ध प्रीस्ट या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये या विषमतेवर बोट ठेवले. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ने मालमत्ता करावर मर्यादा घातली आणि शाळांच्या निधीची सूत्रे बव्हंशी राज्य शासनाकडे गेली. २०१३ मध्ये राज्याने नवे सूत्र स्वीकारले. त्यानुसार प्रत्येक विद्यार्थ्यामागे मूळ अनुदान मिळते आणि अल्प उत्पन्न गटातील, इंग्रजी शिकणाऱ्या व पालनगृहांतील विद्यार्थ्यांसाठी वाढीव रक्कम दिली जाते.

इमारतींसाठी मात्र जिल्ह्यांना मतदारांच्या संमतीने कर्जरोखे काढता येतात. २००० च्या ‘प्रपोझिशन ३९’ने या संमतीसाठी लागणारे मताधिक्य दोन-तृतीयांशावरून ५५ टक्क्यांवर आणले. त्याबरोबर काही अटीही घातल्या : हा पैसा शाळांचे बांधकाम, दुरुस्ती आणि त्यांतील साधनसामग्री यांवरच खर्च करावा, शिक्षकांचे वेतन व दैनंदिन कामकाज यांसाठी तो वापरू नये, वार्षिक लेखापरीक्षण व्हावे आणि खर्चावर नागरिकांच्या समितीने देखरेख ठेवावी.

करार आणि अंमलबजावणी

जून २०१३ मध्ये शिक्षण मंडळाने ॲपल कंपनीशी ३ कोटी डॉलरचा पहिला करार मंजूर केला. पहिल्या टप्प्यासाठी ४७ शाळा निवडण्यात आल्या. प्रत्येक संचाची किंमत ६७८ डॉलर ठरली आणि तीत पिअर्सन या प्रकाशनसंस्थेच्या, तेव्हा अपूर्ण असलेल्या, अभ्यासक्रमाचा समावेश होता. ‘कॉमन कोअर’ या नव्या शैक्षणिक मानकांवर आधारित परीक्षा संगणकावर होणार असल्याने साधने तातडीने हवीत, असा प्रशासनाचा युक्तिवाद होता. गरीब विद्यार्थ्यांनाही संपन्न विद्यार्थ्यांसारखीच साधने मिळावीत, अशी भूमिका अधीक्षक जॉन डीझी यांनी मांडली.

वितरणानंतर काही दिवसांतच रूझवेल्ट हायस्कूलसह काही शाळांतील विद्यार्थ्यांनी टॅबलेटवरील सुरक्षा व्यवस्था ओलांडून निर्बंध असलेली संकेतस्थळे उघडली. त्यानंतर टॅबलेट घरी नेण्यास मनाई करण्यात आली. परीक्षांसाठी स्वतंत्र कळफलक लागतील, हा खर्चही पुढे आला. पिअर्सनच्या अभ्यासक्रमाचा वर्गांतील वापर अत्यल्प राहिला.

चौकशी आणि समाप्ती

ऑगस्ट २०१४ मध्ये जिल्ह्याचे वरिष्ठ अधिकारी आणि दोन्ही कंपन्या यांच्यात निविदा निघण्यापूर्वी झालेला ई-मेल व्यवहार प्रसिद्ध झाला. निविदा प्रक्रियेच्या निष्पक्षतेवर प्रश्न उपस्थित झाल्यावर डीझी यांनी त्या कराराखालील पुढील खरेदी थांबवली. आपण गैर काही केल्याचे त्यांनी नाकारले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. डिसेंबरमध्ये केंद्रीय अन्वेषण संस्था एफबीआयने जिल्ह्याच्या कार्यालयातून कागदपत्रे ताब्यात घेतली आणि नवे अधीक्षक रेमन कॉर्टिनेस यांनी करार संपुष्टात आणला. २०१५ मध्ये अभ्यासक्रमाच्या वादात झालेल्या तडजोडीतून जिल्ह्याला सुमारे ६४ लाख डॉलर मिळाले. केंद्रीय तपास २०१७ मध्ये कोणावरही आरोप न ठेवता बंद झाला.

महत्त्व

या योजनेने निधीच्या नियमांतील एक विसंगती ठळक केली. ‘साधनसामग्री’ या शब्दात टॅबलेट बसत असले, तरी कर्जरोख्यांची परतफेड अनेक वर्षे चालते आणि अभ्यासक्रमाचा परवाना मात्र तीनच वर्षांचा होता. साधन निकामी झाल्यावरही त्याचे कर्ज करदात्यांच्या डोक्यावर राहणार होते. शिवाय साधने विकत घेता येणाऱ्या या निधीतून ती वापरणाऱ्या शिक्षकांचे वेतन देता येत नव्हते. अभ्यासक्रमाचा खर्च कर्जरोख्यांतून करू नये आणि प्रत्येक विद्यार्थ्याला टॅबलेट देणे जिल्ह्याला परवडणारे नाही, अशी भूमिका कॉर्टिनेस यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे घेतली.