बिऱ्हाड बदललें, पत्ता राखला



ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व आसपासच्या गांवांवर भूकंपाचा घाला पडला, हें आपणांस सांगावयास नकोच. पुढें लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. गांवाचें नांव तेंच. जागा तेवढी निराळी. अशा वेळीं जुन्या वाटेनें येणाऱ्या पाहुण्यास 'गांव आतां पलीकडे आहे' एवढें सांगणारा कोणी तरी वेशीवर हवा असतो. हा दृष्टान्त मनांत ठेवून मला आज एका निराळ्या स्थलांतराचा इतिहास सांगावयाचा आहे.

संकेतस्थळ म्हणजे कागदपत्रांचें दफ्तर. तें कोणत्या तरी संगणकावर ठेवावें लागतें. त्या भाड्याच्या जागेसच होस्टिंग म्हणतात. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९९१ सालीं पहिलें संकेतस्थळ जगापुढें मांडलें. ता. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. स्थळें भराभर वाढलीं आणि वाटाड्याची गरज भासूं लागली. १९९८ मध्यें लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनीं गूगल कंपनी स्थापिली. एखाद्या पानाकडे इतर किती व कोणतीं पानें बोट दाखवितात, यावरून त्याची योग्यता ठरवावी, ही त्यांची मूळ कल्पना. म्हणजे पानाची पत त्याच्या पत्त्याशीं जोडली गेली.

मग होस्टिंग बदलल्यानें शोधयंत्रांतील क्रम घसरतो काय? नुसत्या जागाबदलानें सहसा घसरत नाहीं. नांव तेंच राहून नामसूचींत फक्त संगणकाचा क्रमांक बदलतो. ही नोंद सर्वत्र पोंचण्यास कांहीं तास, क्वचित् एखाद-दुसरा दिवस लागतो. म्हणून तोंवर जुनी जागाहि चालू ठेवावी. गूगलचा टेहळ्या नव्या संगणकावर प्रथम जपून फिरतो, मग पूर्ववत् येऊं लागतो.

नुकसान होतें तें निष्काळजीपणानें. नवी जागा मंद असेल तर क्रमास धक्का बसूं शकतो, कारण पानाच्या वेगाचाहि आपण विचार करतों, असें गूगलनें एप्रिल २०१० मध्यें जाहीर केलें. नव्या जागेच्या पहारेकऱ्यानें टेहळ्यासच अडविलें, तर पानें हळूहळू सूचींतून गळतात. आणि पानांचे पत्तेच बदलले, तर वर्षांची पत मागें राहते.

पत्ते बदलणें कधीं कधीं अटळ असतें. आपल्या सरकारी स्थळांचे पत्ते पूर्वीं बहुधा 'एनआयसी डॉट इन' असे संपत. लातूर व नांदेड या जिल्ह्यांचीं स्थळें पुढें 'जीओव्ही डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यांवर गेलीं. अशा वेळीं जुन्या पत्त्यावर ३०१ क्रमांकाची पाटी लावतात. तिचा अर्थ 'कायमचें स्थलांतर'. ती निदान वर्षभर तरी ठेवावी, असें गूगलचेंच सांगणें आहे. उलट ऑक्टोबर २००९ मध्यें याहूनें जिओसिटीज ही आपली सेवा अमेरिकेंत बंद केली, तेव्हां जागा व पत्ता दोन्ही एकदमच गेलीं.

आमच्या नांदेड येथील एका संस्थेनें होस्टिंग बदलतांना पानांचे पत्तेहि बदलले आणि पाटी लावली नाहीं. माझी नात वसतिगृहाच्या प्रवेशाची सूचना शोधीत होती. शोधयंत्रानें दिलेल्या पत्त्यावर 'पान सापडत नाहीं' एवढेंच उत्तर. खालीं दलालांचीं स्थळें मात्र रांगेनें हजर! सूचना नव्या जागीं होती, पण तिथवर नेणारें कोणी नव्हतें. अखेर मुदतीच्या आदल्या दिवशीं आम्हीं कचेरींत जाऊन अर्ज भरला. परंतु जिचे आजोबा नांदेडांत नाहींत, त्या किनवट-देगलूरकडील मुलीनें काय करावें?

म्हणून आपल्यापैकीं जे कोणी एखादी शाळा, वाचनालय वा संस्था चालवीत असतील, त्यांना माझी एवढीच विनंति आहे: बिऱ्हाड हलविण्यापूर्वीं जुन्या पत्त्यांची यादी करा, प्रत्येकावर नव्या घराची पाटी लावा, आणि ती पाटी योग्य दारीं नेते कीं नाहीं, तें स्वतः जाऊन पाहा.