कुलूप कुणी लावलंय? डेटाबेसमधल्या लॉकची गोष्ट

आजचा भाग एका कबुलीने सुरू करतो.

नोकरीचं दुसरं वर्ष. रात्रीचे साडेअकरा. आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या ऑर्डरच्या टेबलमध्ये एक कॉलम वाढवायचा होता. एका ओळीचं काम. टीममध्ये नवीनच आलेल्या मुलीने अल्टर टेबल चालवलं आणि अख्खं ॲप ठप्प! वीस मिनिटं झाली तरी हलेना. कॉलवर सगळे तिलाच विचारत होते, "तू नक्की काय केलंस?" त्यात मीही होतो.

ती कुठे चुकली हे कळायला जरा मागे जाऊ.

१९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. माहिती टेबलांमध्ये ठेवायची, ही कल्पना कागदावर झकास होती. पण एकाच टेबलमध्ये दहा जण एकदम लिहायला लागले तर? एसटीची शेवटची सीट दोघांना विकली गेली तर? आयबीएमच्याच सिस्टम आर प्रकल्पात जिम ग्रे आणि त्यांचे सहकारी यावर काम करत होते. १९७६ च्या त्यांच्या पेपरमध्ये टू-फेज लॉकिंगचा नियम आला: लागतील तशी कुलपं घ्या, पण एक जरी सोडलं की नवीन घ्यायचं नाही. प्रत्यक्षात बहुतेक डेटाबेस व्यवहार संपेपर्यंत, म्हणजे कमिट किंवा रोलबॅक होईपर्यंत, कुलूप धरूनच ठेवतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा प्रश्न, कुलूप केवढं लावायचं? अख्ख्या टेबलला लावलं तर काम सोपं, पण बाकीचे ताटकळतात. एकेका ओळीला लावलं तर गर्दी हलती राहते, पण हजारो कुलपांचा हिशेब ठेवावा लागतो. ग्रे यांच्या टीमने तोडगा काढला: ओळीला कुलूप लावण्याआधी टेबलच्या दारावर 'आत काम चालू आहे' अशी पाटी लावायची. यालाच इंटेन्शन लॉक म्हणतात. ग्रे यांना १९९८ चं ट्यूरिंग पारितोषिक मिळालं.

मायएसक्यूएलचं जुनं मायआयसॅम इंजिन टेबललाच कुलूप लावायचं. २०१० मध्ये ५.५ आवृत्तीत ओळीला कुलूप लावणारं इनोडीबी डीफॉल्ट झालं. पोस्टग्रेसने १९९९ मध्येच एमव्हीसीसी आणलं होतं. त्यात एकाच ओळीच्या अनेक आवृत्त्या राहतात, त्यामुळे वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही.

मग टेबल लॉक संपले? नाही ना! टेबलची रचनाच बदलायची तर सगळ्यांना बाहेर काढावं लागतं. अल्टर टेबलला बहुतेक वेळा असंच कडक कुलूप लागतं. आणि साधं सिलेक्टसुद्धा एक हलकं कुलूप धरतं, तेही व्यवहार संपेपर्यंत. ते सुटेपर्यंत अल्टर थांबतं, आणि त्याच्यामागे आलेली प्रत्येक क्वेरी रांगेत अडकते.

आम्ही त्या रात्री हीच रांगेतली पोरं हाकलत होतो. एक क्वेरी मारली की चार नवीन हजर! शेवटी आमचे सीनियर म्हणाले, "अरे, थांबलंय कोण ते सोडा. अडवलंय कुणी ते बघा." पीजी ब्लॉकिंग पीआयडीज हे फंक्शन चालवलं. एकच नंबर आला. पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीमध्ये त्याच्यापुढे लिहिलं होतं: आयडल इन ट्रान्झॅक्शन. दुपारी चारपासून.

ते सेशन माझं होतं.

दुपारी मी बिगिन लिहून एक सिलेक्ट चालवलं, चहाला गेलो आणि कमिट करायचं विसरलो. सेशन बंद केलं, काही सेकंदांत ॲप सुरू! कॉलवर शांतता. मी म्हणालो, "माझी चूक आहे. तिची नाही." नंतर तिची वेगळी माफीही मागितली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन सेटिंग बदलल्या. अल्टरच्या आधी काही सेकंदांचा लॉक टाइमआउट, म्हणजे कुलूप मिळालं नाही तर अल्टरच माघार घेतं. आणि रिकाम्या बसलेल्या व्यवहारांना वेळेची मर्यादा, जी सोय पोस्टग्रेसमध्ये २०१६ पासून आहे.

तेव्हा मंडळी, टेबल अडकलं की शेवटी कुणी हात लावला हे विचारू नका. कुलूप कुणाच्या हातात आहे ते बघा. आणि आधी आपलाच खिसा तपासा.

भेटू पुढच्या भागात!