अणूची ओळख : वजन कीं क्रमांक ?

सोन्याच्या अणूला सोनें कां म्हणावयाचें आणि तक्त्यांत त्याला लागून बसलेल्या पाऱ्याच्या अणूला पारा कां म्हणावयाचें, हा प्रश्न दिसावयास पोरकट आहे; परंतु त्याचें निश्चित उत्तर मिळावयास १९१३ साल उजाडावें लागलें. अशा विषयावर बोलतांना कणाद मुनींपासून आरंभ करण्याची आपल्याकडे चाल आहे. कणादांविषयीं मला पूर्ण आदर आहे. तथापि त्यांचा अणु तर्कानें गवसलेला होता, आणि आज मला जी हकीकत सांगावयाची आहे ती तर्काची नसून मोजमापाची आहे. म्हणून मी एकदम एकोणिसाव्या शतकांत जातों.

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यानें १८६९ सालीं त्या वेळीं ठाऊक असलेलीं साठांहून अधिक मूलद्रव्यें अणुभाराच्या, म्हणजे अणूंच्या तौलनिक वजनाच्या, क्रमानें मांडलीं, तेव्हां असें दिसून आलें कीं ठराविक अंतरानें तेच गुणधर्म पुन्हां पुन्हां येतात. शाळेच्या भिंतीवर टांगलेला मूलद्रव्यांचा तक्ता आपण सर्वांनीं पाहिला आहे. त्याचें मूळ हेंच. या मांडणींत मात्र एक खडा दांताखालीं येत होता. टेल्युरियमचा अणुभार आयोडीनहून अधिक भरे. वजनाचा नियम पाळावा तर आयोडीन आधीं यावें आणि टेल्युरियम नंतर. पण तसें केलें तर आयोडीन हें क्लोरीन व ब्रोमीन या आपल्या सख्ख्या भावंडांपासून तुटून गंधकाच्या घरांत जाऊन पडतें. मेंडेलीव्हनें गुणधर्मांचा मान राखला, टेल्युरियमला आधीं बसविलें, आणि वजन करणाऱ्यांचीच चूक झाली असली पाहिजे असें खुशाल सांगून टाकलें. वजनें पुन्हां पुन्हां केलीं गेलीं. चूक नव्हती. टेल्युरियम १२७.६ आणि आयोडीन १२६.९ असेच आंकडे आजहि कायम आहेत. पुढें १८९४ सालीं हवेंत आर्गॉन वायूचा शोध लागला. तोहि आपल्या पुढच्या पोटॅशियमहून जड निघाला. कोबाल्ट व निकेल यांचीहि तीच तऱ्हा. एखादा चौकस विद्यार्थी या जोड्यांवर बोट ठेवी, तेव्हां आम्ही मास्तर लोक 'अपवाद' असें म्हणून पुढल्या धड्याकडे वळत असूं. शिक्षकाला हा शब्द फार सोयीचा आहे.

इकडे अणूच्या अंतरंगाची वार्ता निराळ्याच वाटेनें येत होती. १८९७ सालीं जे. जे. टॉम्सन यानें इलेक्ट्रॉनचा शोध लावला. हा कण ऋणविद्युतेचा, आणि इतका हलका कीं असे सुमारे १८३६ कण एकत्र केले तर हायड्रोजनच्या एका अणूइतकें वजन भरावें. मग १९११ सालीं मँचेस्टर येथें रदरफोर्डनें, आपल्या सहकाऱ्यांनीं सोन्याच्या पातळ वर्खावर केलेल्या प्रयोगांवरून, असें अनुमान काढलें कीं अणूचें जवळजवळ सर्व वजन त्याच्या मध्यभागीं एका अतिसूक्ष्म गर्भांत एकवटलेलें असतें. हा अणुगर्भ अणूच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्शाहूनहि लहान. इलेक्ट्रॉन त्याच्या भोंवतीं. परंतु त्या गर्भांत विद्युत् किती ? फान डेन ब्रूक नांवाच्या एका हौशी डच कायदेपंडितानें १९११ ते १९१३ या काळांत असें सुचविलें कीं तक्त्यांत ज्या मूलद्रव्याचा जो क्रमांक, तितकेच त्याच्या गर्भांत धनविद्युतेचे एकांश असावेत. कल्पना सुरेख होती, पुरावा नव्हता.

तो पुरावा हेन्री मोझ्ली यानें दिला. मोझ्ली त्या वेळीं पंचविशींतला तरुण होता. त्याचे वडील ऑक्सफर्डला प्राध्यापक असत व 'चॅलेंजर' जहाजाच्या सुप्रसिद्ध सागरसंशोधनाच्या सफरींत त्यांनीं भाग घेतला होता. मुलगा चार वर्षांचा होण्यापूर्वींच ते वारले. मोझ्ली १९१० सालीं रदरफोर्डच्या हाताखालीं मँचेस्टरला आला. इलेक्ट्रॉनांचा मारा केला असतां प्रत्येक मूलद्रव्य आपापले विशिष्ट क्ष-किरण बाहेर टाकतें, हें तेव्हां ठाऊक झालें होतें. त्या किरणांची कंपनसंख्या मोजावयाची, असें त्यानें ठरविलें. त्याचें साहित्य पाहिलें म्हणजे कौतुक वाटतें. एक निर्वात नळी, तींत एक चिमुकली गाडी, गाडीवर ओळीनें मांडलेले निरनिराळ्या धातूंचे तुकडे, आणि ती गाडी पुढेंमागें ओढावयास मासे धरण्याचा रेशमी दोरा. एकेक तुकडा माऱ्याखालीं आणावयाचा, निघालेले किरण स्फटिकावरून परावर्तित करून फोटोच्या कांचेवर घ्यावयाचे, आणि कांचेवर उमटलेल्या रेषेची जागा मोजावयाची.

कॅल्शियमपासून जस्तापर्यंत दहा मूलद्रव्यें त्यानें अशीं तपासलीं. निष्कर्ष असा निघाला कीं कंपनसंख्येचें वर्गमूळ काढलें तर तें तक्त्यांतील प्रत्येक घरागणिक सारख्याच पायरीनें वाढत जातें. वजनें कोठें जास्त वाढतात, कोठें कमी, कोठें उलट घटतात. ही पायरी मात्र कोठेंहि चुकत नाहीं. कोबाल्ट २७ व्या पायरीवर आणि निकेल २८ व्या पायरीवर, मग वजन कांहींहि असो. म्हणजे क्रमांक ही तक्ता लिहिणाऱ्याची सोय नव्हती; अणूच्या गर्भांत खरोखरच एक मोजतां येण्याजोगी पूर्ण संख्या दडलेली होती. १९१४ सालीं ऑक्सफर्ड येथें त्यानें ही पट्टी अॅल्युमिनियमच्या १३ पासून सोन्याच्या ७९ पर्यंत नेली, आणि ४३, ६१ व ७५ या तीन पायऱ्या रिकाम्या आहेत असें जाहीर केलें. पॅरिसचा उर्बँ हा दुर्मिळ मृदांचा थोर व्यासंगी होता. सेल्टियम नांवाचें नवें मूलद्रव्य आपणांस सांपडलें आहे असा त्याचा दावा होता. त्या वर्षीं तो नमुने घेऊन ऑक्सफर्डला आला; मोझ्लीच्या पट्टीवर तो दावा टिकला नाहीं.

ऑगस्ट १९१४ मध्यें महायुद्ध पेटलें, तेव्हां मोझ्ली ऑस्ट्रेलियांत शास्त्रज्ञांच्या परिषदेस गेलेला होता. परत येऊन तो सैन्याच्या इंजिनियर पथकांत दाखल झाला, आणि १० ऑगस्ट १९१५ रोजीं गॅलिपोलीच्या रणांगणावर गोळी लागून ठार झाला. वय सत्तावीस. अशा माणसांस लढवय्ये म्हणून खर्चीं घालण्यापलीकडे लष्करी व्यवस्थेला त्यांचा दुसरा उपयोग सुचूं नये, ही राष्ट्राची शोकांतिका होय, अशा आशयाचे उद्गार रदरफोर्डनें काढले. श्रोतेहो, युद्धांत मेलेल्या सर्वांचेंच आयुष्य मोलाचें, हें मी विसरत नाहीं. तरीहि हें मरण मनाला विशेष लागून राहतें.

क्रमांक ठरला, पण वजनाचा घोळ शिल्लक होता. १९१३ सालींच सॉडी यानें असें प्रतिपादन केलें होतें कीं एकाच मूलद्रव्याचे निरनिराळ्या वजनांचे अणु असूं शकतात. तक्त्यांत त्यांचें स्थान एकच, म्हणून ते समस्थानिक. याची प्रचीति अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या रिचर्ड्स यानें १९१४ सालीं दिली. युरेनियमच्या खनिजांतून मिळालेलें शिसें आणि नेहमींचें शिसें हीं रासायनिक दृष्ट्या तंतोतंत एक, पण नेहमींच्या शिशाचा अणुभार २०७.२ तर युरेनियमबरोबर सांपडणाऱ्याचा सुमारे २०६ ! हाच रिचर्ड्स अणुभार अचूक मोजण्यांत हयात घालविलेला, आणि त्याबद्दलच १९१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळविलेला गृहस्थ. अणुभार ही मूलद्रव्याची खरी ओळख नव्हे, हें त्याच्याच तराजूनें दाखवून द्यावें, यापरता प्रामाणिकपणा कोणता ! पुढें १९१९ सालीं अॅस्टन यानें केंब्रिजला असें उपकरण सिद्ध केलें कीं त्यांत वेगवेगळ्या वजनांचे अणु वेगळे करून दाखवितां येऊं लागले. क्लोरीनचा अणुभार साडेपस्तिसांच्या आसपास कां, याचें कारण मग उघड झालें : त्यांतील सुमारे तीन भाग अणु ३५ वजनाचे आणि एक भाग ३७ वजनाचे असतात. साडेपस्तीस वजनाचा अणु असा एकहि नाहीं.

गर्भांतील धनविद्युतेच्या कणास रदरफोर्डनें १९२० सालीं प्रोटॉन हें नांव दिलें. पण हेलियमच्या गर्भांत धनविद्युत् दोन एकांशांची आणि वजन मात्र चार प्रोटॉनांचें, हें कसें ? विद्युत् नसलेला, प्रोटॉनच्याच वजनाचा एखादा कण असावा, असा तर्क त्यानें त्याच वर्षीं केला होता. तो कण चॅडविक यानें १९३२ सालीं शोधून काढला, हाच न्यूट्रॉन. चॅडविकहि युद्धाच्या तडाख्यांतून सुटला नव्हता. लढाई सुरू झाली तेव्हां तो बर्लिनला शिकत होता, आणि लढाईचीं सारीं वर्षें त्यानें तेथील रूलेबेनच्या छावणींत स्थानबद्ध म्हणून काढलीं. एवढेंच कीं तो जिवंत परतला.

आतां हिशेब जुळतो. प्रोटॉनांची संख्या म्हणजे मूलद्रव्याचा क्रमांक, आणि तीच त्याची ओळख. ७९ प्रोटॉन तें सोनें, ८० तो पारा. इलेक्ट्रॉन प्रोटॉनांइतकेच असले तर अणु विद्युद्दृष्ट्या उदासीन. सोडियम आपल्या अकरांपैकीं एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतें, त्याबरोबर सोडियमवर धन व क्लोरीनवर ऋण विद्युत् येते, आणि आपल्या ताटांतलें मीठ तयार होतें. परंतु इलेक्ट्रॉन गेला म्हणून सोडियमचें नांव बदलत नाहीं. वजन येतें तें प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून. आयोडीनच्या अणूंत ५३ प्रोटॉन व ७४ न्यूट्रॉन. टेल्युरियमचे प्रोटॉन ५२, म्हणजे एक कमी. पण त्याच्या बहुसंख्य अणूंत ७६ किंवा ७८ न्यूट्रॉन असतात, म्हणून तें जड भरतें. मेंडेलीव्हनें जागा अचूक दिली होती, सबब मात्र चुकीची.

आर्गॉनची गोष्ट याहून गमतीची. पोटॅशियमचे फार थोडे अणु ४० वजनाचे असतात व ते टिकाऊ नसतात. त्यांतील कांहींचा गर्भ बाहेरचा एक इलेक्ट्रॉन गिळतो, एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, क्रमांक १९ चा १८ होतो, आणि खडकांतील पोटॅशियम आर्गॉन होऊन हवेंत मिसळतें. आपल्या श्वासागणिक आंत जाणाऱ्या हवेंत शेंकडा सुमारे ०.९३ भाग आर्गॉन असतो. तो बहुतेक सारा असा पोटॅशियमच्या पोटीं जन्मलेला.

मोझ्लीच्या तीन रिकाम्या जागांपैकीं ७५ वी, म्हणजे ऱ्हेनियम, १९२५ सालीं खनिजांत सांपडली. उरलेल्या दोन खाणींत शोधून मिळण्याजोग्या नव्हत्याच. ४३ किंवा ६१ प्रोटॉनांबरोबर न्यूट्रॉन कितीहि घेतले तरी तो गर्भ कायमचा टिकत नाहीं. ४३ वें मूलद्रव्य, टेक्नेशियम, १९३७ सालीं इटलींतील पालेर्मो येथें कृत्रिम रीतीनें तयार झालेल्या धातूंत ओळखलें गेलें. ६१ वें, प्रोमेथियम, १९४५ सालीं अमेरिकेंत ओक रिज येथें अणुभट्टींतील अवशेषांतून निघालें. मोझ्ली वांचता तर त्या वर्षीं तो सत्तावन्न वर्षांचा असता.