सिंहगडाचे दारूकोठार, धारूरची कोरडी माती आणि विजेची वही

१/
आजचा धागा किल्ल्यांचा आहे, परंतु लढायांचा नाही. ज्या शत्रूला ना खंदक अडवू शकला ना तट, त्या आकाशातील विजेचा आहे. प्रारंभ बीड जिल्ह्यातील किल्ले धारूरपासून करू.

२/
बालाघाटाच्या डोंगरकडेवर, तीन बाजूंनी दऱ्या असलेल्या सोंडेवर आदिलशाही सरदार किश्वरखानाने १५६७ च्या सुमारास हा किल्ला उभारला. थोड्याच काळात निजामशाही फौज त्यावर चालून आली आणि खुद्द किश्वरखान त्या युद्धात पडला. पुढे १६३१ च्या सुमारास मोगल सरदार आझमखानाने तो घेतला. मोगल काळात धारूरचे नाव फतेहाबाद झाले. जागेची निवड शत्रू दुरून दिसावा म्हणून होती. पण जे ठिकाण चहूकडून उंच, तेच विजेला सर्वांत जवळ.

३/
आणि तोफांच्या युगात अशा प्रत्येक उंच ठिकाणी एक कोठार असे: बंदुकीच्या दारूचे. जाड दगडी भिंती, ओल येऊ नये म्हणून बंदिस्त रचना, ठिणगीपासून सर्व काळजी. वरून येणाऱ्या ठिणगीचा मात्र बंदोबस्त कोणाजवळच नव्हता. त्याची किंमत किती, हे महाराष्ट्रात सिंहगडाने दाखवले.

४/
११ सप्टेंबर १७५१. सिंहगडाच्या दारूकोठारावर वीज पडली. स्फोटात गडावरील फडणिसांचे घर उद्ध्वस्त झाले आणि त्या घरातील सर्व माणसे मरण पावली. ना वेढा, ना सुलतानढवा. हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्या एका कुटुंबाचा एका क्षणात अंत.

५/
आता तारखेकडे पाहा. सुमारे आठ महिन्यांनी, १० मे १७५२ रोजी, पॅरिसजवळच्या मार्ली गावात दालिबार या फ्रेंच अभ्यासकाच्या व्यवस्थेनुसार उभारलेल्या उंच लोखंडी सळईतून वादळी ढगाखाली ठिणग्या निघाल्या. वीज म्हणजे विद्युतच, हे बेंजामिन फ्रँकलिनचे अनुमान खरे ठरले. सिंहगडावर घडलेल्या घटनेचा उपाय जगाच्या दुसऱ्या टोकाला एका वर्षाच्या आत आकार घेत होता. इतिहासातले असे योगायोग मला नेहमी अस्वस्थ करतात.

६/
उपाय साधा होता. छपराच्या वर धातूचा सुळका, तेथून भिंतीवरून खाली उतरणारी अखंड धातूची पट्टी आणि तिचे टोक जमिनीत खोल. मराठवाड्यात यालाच सर्रास ‘वीज अटकाव यंत्र’ म्हणतात. नाव फसवे आहे. ते विजेला अटकाव करत नाही. तिला जमिनीत जाण्याचा सोपा रस्ता देते. तो रस्ता कोठे तुटला तर वीज स्वतःचा रस्ता शोधते, आणि तो बहुधा भिंतीतून, तारेतून वा माणसातून जातो.

७/
युरोपने हा उपाय सहज स्वीकारला असे मात्र नाही. १७६९ मध्ये इटलीतील ब्रेशा येथे सॅन नझारोच्या बुरुजातील दारूवर वीज पडली आणि शहराचा मोठा भाग कोसळला. १७७२ मध्ये इंग्लंडच्या पर्फ्लीट येथील दारूकोठारांसाठी समिती बसली. तिच्यात कॅव्हेंडिश आणि स्वतः फ्रँकलिन होते. वाद कशावर? सुळक्याचे टोक अणकुचीदार असावे की गोलाकार, यावर! बेंजामिन विल्सन या चित्रकार-अभ्यासकाने गोल टोकासाठी हट्ट धरला, आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या दिवसांत राजा तिसरा जॉर्जही फ्रँकलिनच्या अणकुचीविरुद्ध उभा राहिला.

८/
गंमत पुढे आहे. मे १७७७ मध्ये पर्फ्लीटच्या आवारातील कार्यालयाच्या इमारतीवर वीज पडलीच. सुळका शाबूत होता. वीज उतरली ती कठड्याच्या कोपऱ्यात दगड जखडणाऱ्या लोखंडी पट्टीवर. हानी किरकोळ, काही विटा निखळल्या एवढेच. पण धडा मोठा होता: टोकाच्या आकारावर पाच वर्षे वाद घालणाऱ्यांचे लक्ष कोपऱ्यातील एका लोखंडी तुकड्याकडे गेले नव्हते.

९/
हिंदुस्थानात हाच प्रश्न कंपनी सरकारपुढे आला. पुढे देशात तारायंत्र उभारणारे विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी दारूकोठारांना असे वाहक जोडावेत की नाही, यावर कलकत्त्यात शंका उपस्थित केली. पत्रव्यवहार लंडनला गेला. फॅरेडे आणि डॅनियल यांची मते मागवली गेली. १८४० मध्ये हा पत्रव्यवहार एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. चुकीचा वाहक नसलेल्या वाहकापेक्षा घातक ठरू शकतो, ही भीती पोकळ नव्हती.

१०/
१८७९ मध्ये रिचर्ड अँडरसन या इंग्रज लेखकाने वीजवाहकांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात तपासणीसाठी स्वतंत्र प्रकरण दिले. माझ्या मते या इतिहासाचे खरे वळण येथे आहे. तोवर प्रश्न होता ‘बसवावे कसे’. आता प्रश्न झाला ‘बसवलेले अजून चालते का, हे कळावे कसे’. छपरावरचा सुळका सगळ्यांना दिसतो. मातीखाली गंजलेला सांधा कोणालाच दिसत नाही.

११/
आजचे नियम या दुसऱ्या प्रश्नाचीच उत्तरे आहेत. भारतीय मानक आयएस २३०९ (१९८९ ची आवृत्ती) संपूर्ण यंत्रणेचा जमिनीशी असलेला रोध १० ओहमपेक्षा जास्त नसावा असे सांगत होते. आयईसी ६२३०५ या आंतरराष्ट्रीय मानकात कडक संरक्षणाच्या इमारतींची डोळ्यांनी पाहणी दर वर्षी आणि संपूर्ण तपासणी दर २ वर्षांनी सुचवली आहे. स्फोटाचा धोका असलेल्या वास्तूंची पाहणी मात्र दर ६ महिन्यांनी. सिंहगडाचे कोठार आज वापरात असते, तर त्याची गणना याच वर्गात झाली असती.

१२/
आता पुन्हा धारूरला येऊ, कारण आकड्यांची खरी परीक्षा येथील मातीत आहे. जमिनीचा रोध ओलाव्यावर अवलंबून असतो. पावसाळ्यात माती भिजली की तो उतरतो. उन्हाळ्यात बालाघाटावरचा पातळ मुरूम आणि त्याखालचा काळा पाषाण कोरडा पडला की तो चढतो. आणि मराठवाड्यात विजा केव्हा कडाडतात? पावसाळ्याच्या तोंडावर, वळवाच्या पावसात. म्हणजे जमीन सर्वांत कोरडी असते नेमकी तेव्हा.

१३/
श्रावणात ८ ओहम दाखवणारी यंत्रणा कागदावर उत्तीर्ण होते. तीच वैशाखात १० च्या पुष्कळ वर गेलेली असू शकते. तपासणी दर वर्षी त्याच महिन्यात झाली तर हे कधीच उघड होत नाही. म्हणूनच आयईसीच्या टिपणीत मोजणी दर १४-१५ महिन्यांनी घेण्याची मुभा आहे: दर खेपेस ऋतू थोडा सरकतो आणि काही वर्षांत जमिनीचा सारा स्वभाव नोंदीत उतरतो.

१४/
पण हे कळण्यासाठी मागच्या साऱ्या नोंदी एकत्र हव्यात. येथे तपासणीसाठी बनलेली सॉफ्टवेअर येतात. इमारतीच्या नकाशावर प्रत्येक पट्टीला क्रमांक. प्रत्येक चाचणी-सांध्याचे छायाचित्र. ओहममधील वाचन, तारीख, वापरलेले उपकरण. आढळलेला दोष, दुरुस्तीची जबाबदारी आणि पुढच्या तपासणीची आठवण. फडणिसांच्या दप्तराचाच हा वंश म्हणा. कागदी अहवाल कपाटात राहतो, ठेकेदार बदलला की हरवतो. एकाच सांध्याचे पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की गंज चढत्या रेषेत दिसू लागतो.

१५/
अर्थात यंत्र खोटे बोलणाऱ्याला अडवत नाही. मोजणीच्या आदल्या दिवशी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतण्याची युक्ती या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. तांब्याची पट्टी चोरीला जाते, रंगारी ती वाकवून ठेवतात, नवी पाण्याची टाकी सुळक्याहून उंच उभी राहते. हे पाहायला माणसाला शिडी लावून वर चढावेच लागते.

१६/
आकाशाकडची नोंदवहीही आता महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजा टिपणारे संवेदकांचे जाळे उभारले आणि ‘दामिनी’ हे ॲप दिले. आपल्याभोवती २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातील विजेची सूचना ते देते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात विजेने २,८८७ माणसे दगावली. त्यांतले कितीतरी उघड्या रानात होते. त्यांच्यासाठी इमारतीवरचा सुळका नाही, वेळेवर मिळालेली सूचना आणि जवळचे पक्के छत हाच आधार.

१७/
पण ते छत बहुधा गावची शाळा असते. तेव्हा पुढच्या वेळी शाळेच्या भिंतीवरून खाली येणारी पट्टी दिसली, तर ती जमिनीपर्यंत अखंड आहे का ते पाहा. हात मात्र लावू नका. तळाशी चाचणी-सांध्याची डबी असते, तिच्यावर शेवटच्या मोजणीची तारीख लिहिलेली आहे का तेही पाहा. असेल, तर महिना कोणता आहे? सिंहगडावर गेलात तर प्रवेशानंतर उजवीकडची दगडी इमारत चुकवू नका. तेच ते दारूकोठार.